हायरम मॅक्झिम : बंदूक, बहिरेपणा आणि वाफारा

२४ नोव्हेंबर १९१६ रोजी दक्षिण लंडनमधील स्ट्रेटम येथे सर हायरम मॅक्झिम यांचे निधन झाले. त्यांचे वय ७६ होते. अखेरच्या वर्षांत त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. त्यांच्या मृत्यूच्या सहाच दिवस आधी फ्रान्समधील सोमची लढाई थांबली होती. या लढाईच्या पहिल्या दिवशी, १ जुलै १९१६ रोजी, ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० जवान मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. त्यांपैकी मृत १९,२४०. सकाळी खंदकातून बाहेर पडून चालत निघालेल्या या तरुणांना समोरून टिपले ते मुख्यतः जर्मन मशिनगननी. त्या जर्मन मशिनगनचा आराखडा मॅक्झिम यांचा होता. ब्रिटिशांच्या बाजूने धडधडणारी व्हिकर्स मशिनगन हीदेखील त्यांच्याच बंदुकीची सुधारलेली आवृत्ती होती.

मॅक्झिम यांचे नाव लष्करी इतिहासात हमखास येते. वैद्यकाच्या इतिहासातही त्यांना दोन जागा आहेत, त्या मात्र फारशा कुणाला ठाऊक नसतात. आवाजाने कान कसे जातात याचे ते स्वतःच एक उदाहरण होते. शिवाय खोकल्याने बेजार झालेल्या लोकांसाठी त्यांनी वाफारा घेण्याचे एक साधन बनवले होते. बंदुकीने त्यांना ‘सर’ ही पदवी मिळवून दिली. वाफाऱ्याच्या साधनाने मात्र त्यांना वैदू ठरवले.

मेनच्या जंगलातला कारागीर

हायरमचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी अमेरिकेतील मेन राज्यात, सँगरव्हिल या खेड्यात झाला. जंगलाने वेढलेला, कडाक्याच्या थंडीचा हा मुलूख. वडील शेती, लाकूडकाम, गिरणी असे मिळेल ते काम करत. मुलाचे शालेय शिक्षण बेताचेच झाले. चौदाव्या वर्षाच्या सुमारास तो घोडागाड्या बनवणाऱ्या कारागिराच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. लाकूड, लोखंड, लेथ, रंगकाम हे सारे तो हाताने शिकला. गिरणीत उंदीर फार झाले, तेव्हा त्याने एक सापळा केला. एक उंदीर अडकला की हा सापळा पुढच्या उंदरासाठी आपोआप सज्ज होई. एका क्रियेतली शक्ती वापरून यंत्र पुढच्या क्रियेसाठी तयार ठेवायचे, ही कल्पना त्याच्या डोक्यात अशी लहानपणापासून होती.

पुढे तो मॅसॅच्युसेट्समध्ये मामाच्या यंत्रशाळेत आणि मग बोस्टन, न्यूयॉर्क अशा शहरांत कामाला लागला. १८६६ मध्ये त्याने पहिले पेटंट घेतले, ते केस कुरळे करण्याच्या चिमट्याचे. त्यानंतर गॅसवर चालणारे दिवे, आग विझवणारी आपोआप सुरू होणारी फवारणी, विजेचे दिवे अशी कामांची रांगच लागली. १८७० च्या दशकाच्या अखेरीस मॅक्झिम अमेरिकेतील एका वीजदिव्यांच्या कंपनीचे मुख्य अभियंता होते आणि दिव्याच्या तारेवरून त्यांचा एडिसन यांच्याशी चांगलाच सामना रंगला होता. आयुष्यभरात त्यांनी अडीचशेहून अधिक पेटंटे मिळवली.

१८८१ मध्ये पॅरिसला विजेचे मोठे प्रदर्शन भरले. त्यासाठी मॅक्झिम युरोपात आले आणि विजेचा दाब नियंत्रित करणाऱ्या उपकरणासाठी फ्रान्सने त्यांचा गौरव केला. पुढच्या वर्षी व्हिएन्नात एक अमेरिकन ओळखीचा माणूस भेटला. त्याने सल्ला दिला की, वीज आणि रसायने सोडून द्या. खूप पैसा हवा असेल तर या युरोपीय लोकांना एकमेकांचे गळे अधिक सोयीने कापता येतील असे काहीतरी शोधून काढा. ही हकिगत मॅक्झिम स्वतःच पुढे सांगत असत. त्यांनी तो सल्ला मानला आणि लंडनच्या हॅटन गार्डन भागात एक छोटी कार्यशाळा भाड्याने घेतली.

आधीचा शोध एका डॉक्टरचा

एकामागून एक गोळ्या झाडणारी बंदूक तेव्हा नवी नव्हती. त्यातली सर्वांत प्रसिद्ध गॅटलिंग गन होती आणि तिचे जनक रिचर्ड गॅटलिंग हे वैद्यकाची पदवी घेतलेले गृहस्थ होते. तरुणपणी देवीच्या साथीत सापडल्यानंतर ते वैद्यक शिकले, पण डॉक्टरकी त्यांनी कधी केली नाही. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात रुग्णालयांकडे परतणारे सैनिक त्यांनी पाहिले. त्या युद्धात जखमांपेक्षा रोगांनी मेलेल्यांची संख्या जवळजवळ दुप्पट होती. हगवण, विषमज्वर, गोवर, न्यूमोनिया हे खरे मारेकरी होते. गॅटलिंग यांनी असा हिशेब मांडला की, एका माणसाने शंभर जणांचे काम केले तर सैन्य लहान होईल, छावण्या लहान होतील आणि रोगराईने मरणारे कमी होतील. १८६२ मध्ये त्यांनी पेटंट घेतले. पुढे सैन्य लहान झाले नाही. उलट प्रत्येक देशाने तेवढेच सैन्य ठेवून शिवाय बंदुकाही घेतल्या.

गॅटलिंग गनमध्ये एक त्रुटी होती. तिला हाताने दांडा फिरवावा लागे. दांडा फिरवणारा माणूस थकला किंवा घाबरला, तर वेग बदलायचा. त्याहून वाईट म्हणजे एखादे काडतूस उशिरा पेटले आणि तोवर दांडा पुढे फिरला, तर ते उघड्यावर फुटून बंदूक अडकायची.

खांद्याचा धक्का कामाला लावला

मॅक्झिम यांनी या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. लष्करी रायफलने नेमबाजी करताना त्यांचा खांदा एकदा काळानिळा पडला होता. गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक तितक्याच जोराने मागे येते, हा न्यूटनचा नियम प्रत्येक सैनिकाचा खांदा जाणतो. हा धक्का म्हणजे फुकट जाणारी शक्ती आहे. तिलाच कामाला का लावू नये, असा विचार मॅक्झिम यांनी केला. १८८३ ते १८८५ या काळात त्यांनी या कल्पनेची पेटंटे घेतली आणि १८८४ मध्ये चालणारी बंदूक तयार झाली.

तिची रचना समजायला मानवी गुडघा उपयोगी पडतो. पाय ताठ असतो तेव्हा गुडघा पूर्ण शरीराचा भार सहज पेलतो. तो थोडा वाकला की तोच भार त्याला पेलवत नाही. मॅक्झिम यांच्या बंदुकीत काडतुसामागे असाच बिजागरीचा सांधा होता. गोळी सुटताना तो ताठ असे, त्यामुळे स्फोटाचा दाब मागे निसटत नसे. मग नळी आणि सांधा मिळून धक्क्याने थोडेसे मागे सरकत. तोवर गोळी नळीबाहेर पडून दाब ओसरलेला असे. त्याच क्षणी सांधा वाके, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाई, पट्ट्यातून नवे आत ओढले जाई, आणि ताणलेली स्प्रिंग सगळे पुन्हा जागेवर आणी. घोडा दाबून धरला असेल तोवर हे चक्र चालू राही. मिनिटाला सुमारे सहाशे गोळ्या सुटत. एखादे काडतूस पेटलेच नाही, तर काहीच हलत नसे, त्यामुळे ते उघड्यावर फुटण्याचा धोकाही उरला नाही.

दुसरा प्रश्न उष्णतेचा होता. इतक्या वेगाने गोळ्या सुटल्या की नळी तापून लाल होई. मॅक्झिम यांनी नळीभोवती पाण्याचे आवरण घातले. त्यात साधारण चार लिटर पाणी मावे. ते उकळू लागले, तरी पाणी आहे तोवर नळीचे तापमान फार चढत नसे, कारण पाण्याची वाफ होताना प्रचंड उष्णता शोषली जाते. घाम वाळताना आपले शरीर थंड होते, त्यामागेही हेच विज्ञान आहे. पुढच्या बंदुकांत ती वाफ एका नळीतून डब्यात नेऊन तिचे पुन्हा पाणी करत. एकतर पाणी वाया जात नसे आणि दुसरे म्हणजे वाफेच्या ढगावरून शत्रूला जागा कळत नसे.

याच काळात धूररहित दारू आली. जुन्या काळ्या दारूने नळीत काजळी साचे आणि समोर धुराचा पडदा उभा राही. नव्या दारूने हे दोन्ही अडथळे गेले. तिच्या शोधाच्या श्रेयावरून मॅक्झिम आणि त्यांचा धाकटा भाऊ हडसन यांचे जन्माचे वैर झाले. हडसन यांनीही स्फोटकांतच आयुष्य घालवले आणि १८९४ मध्ये एका स्फोटात आपला डावा हात गमावला.

आकड्यांतली असमानता

या बंदुकीचा पहिला मोठा वापर युरोपात झाला नाही. तिचे पहिले बळी ठरले ज्यांच्याकडे ती नव्हती असे लोक. १८९३ मध्ये आजच्या झिम्बाब्वेत, शांगानी नदीकाठी, काही शे गोऱ्या शिपायांनी मोजक्या मॅक्झिम बंदुकांच्या बळावर हजारो माटाबेले योद्ध्यांचा हल्ला मोडून काढला. १८९८ मध्ये सुदानमधील ऑमदुर्मान येथे दहा हजारांहून अधिक सुदानी एका सकाळी मारले गेले. ब्रिटिश-इजिप्शियन बाजूचे मृत पन्नासच्या आत होते. तोफा आणि नदीतल्या युद्धनौकांचाही त्यात मोठा हात होता. पण मैदानावरून धावत येणाऱ्या रांगा थांबवण्याचे काम मॅक्झिमने केले.

३१ मार्च १९०४ रोजी तिबेटमध्ये गुरू नावाच्या ठिकाणी हिंदुस्थानातून गेलेल्या ब्रिटिश मोहिमेने तिबेटी लोकांवर रायफली आणि दोन मॅक्झिम बंदुका चालवल्या. जुन्या तोड्याच्या बंदुका आणि तलवारी घेतलेले सहाशेच्या आसपास तिबेटी काही मिनिटांत मारले गेले. त्यानंतर याच मोहिमेतील डॉक्टरांनी दीडशेहून अधिक जखमी तिबेटींवर उपचार केले आणि त्यातले बहुतेक वाचले. ज्यांनी गोळ्या घातल्या त्यांनीच मलमपट्टी का करावी, हे त्या जखमींना उमगत नव्हते.

मॅक्झिम यांनी १९०० च्या सुमारास ब्रिटिश नागरिकत्व घेतले आणि १९०१ मध्ये ते सर हायरम झाले. त्यांच्या कंपनीचे आधी नॉर्डनफेल्ट यांच्या आणि १८९७ मध्ये व्हिकर्स यांच्या कंपनीशी एकत्रीकरण झाले. बंदूक जर्मनी, रशिया, तुर्कस्तान अशी सगळीकडे गेली. विकत घेणारे उद्या एकमेकांसमोर उभे राहणार, याचा विक्रीवर काही परिणाम झाला नाही.

खंदक आणि रुग्णालय

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा असमानता संपली होती. आता दोन्ही बाजूंकडे तीच बंदूक होती. मोकळ्या मैदानात उभे राहणे अशक्य झाल्याने लाखो माणसे जमिनीत शिरली. त्या खंदकांतून नवे आजार आले. दिवसेंदिवस थंड पाण्यात राहून पाय सडू लागले. उवांमुळे खंदकज्वर पसरला. हिंदी सैनिकही या चिखलात होते. ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी बेल्जियममधील होलबेके येथे १२९ व्या बलूच पलटणीचे शिपाई खुदादाद खान यांच्या मशिनगनवरील बाकीचे सारे साथीदार मारले गेले. ते स्वतः जखमी असूनही बंदूक चालवत राहिले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले हिंदी सैनिक.

या युद्धात सर्वाधिक जखमा तोफगोळ्यांनी केल्या. त्याखालोखाल रायफल आणि मशिनगनच्या गोळ्या होत्या. गोळीची ऊर्जा तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते. वेगवान गोळी शिरताना लहान भोक पाडते, पण आत स्नायू चिरडते, हाड फोडते आणि कपड्यांच्या चिंध्या व माती खोल ओढून नेते. फ्लँडर्सची शेते पिढ्यान्‌पिढ्या शेणखताने पोसलेली होती. त्या मातीतले जंतू जखमेत शिरले की धनुर्वात आणि वायूजन्य कोथ ठरलेला.

अशा जखमांपुढे वैद्यक लवकर शिकले, कारण रुग्ण रोज हजारोंनी येत होते. १९१४ च्या अखेरीपासून जखमी सैनिकांना धनुर्वातविरोधी सीरम (प्रतिविष) द्यायला सुरुवात झाली आणि धनुर्वात झपाट्याने घटला. मेलेला भाग पूर्ण कापून काढायचा आणि जखम काही दिवस उघडी ठेवायची, हा नियम शल्यचिकित्सकांनी पक्का केला. मांडीचे हाड मोडलेल्यांपैकी सुरुवातीला ऐंशी टक्क्यांच्या आसपास जवान दगावत. थॉमस स्प्लिंट या साध्या लोखंडी चौकटीत पाय ताणून बांधायला सुरुवात झाल्यावर हे प्रमाण वीस टक्क्यांच्या खाली आले, असे त्या काळच्या नोंदी सांगतात. खंदकातून डोके वर काढताच चेहऱ्यावर गोळी लागलेल्या तरुणांसाठी हॅरॉल्ड गिलीज यांनी प्लास्टिक सर्जरीची नवी तंत्रे घडवली. साठवलेले रक्त देण्याची पद्धतही १९१७ मध्ये आघाडीवरच रुळली. थॉमस स्प्लिंट आजही आपल्या सरकारी रुग्णालयांच्या अस्थिरोग विभागात दिसते.

शेजाऱ्यांच्या काचा, स्वतःचे कान

मॅक्झिम यांनी आपल्या लंडनच्या घराच्या बागेत बंदुकीच्या चाचण्या घेतल्या. त्याआधी त्यांनी स्थानिक वर्तमानपत्रात सूचना दिली की, शेजाऱ्यांनी खिडक्या उघड्या ठेवाव्यात, म्हणजे आवाजाच्या दणक्याने काचा फुटणार नाहीत. काचांची काळजी त्यांना होती. कानांची काळजी मात्र त्या काळात कुणीच घेत नसे. राजे, सेनापती, व्यापारी यांच्यासमोर मॅक्झिम यांनी वर्षानुवर्षे स्वतः बंदूक चालवून दाखवली आणि हळूहळू त्यांची श्रवणशक्ती गेली. उतारवयात ते ठार बहिरे झाले.

आपल्या प्रत्येक अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यात जन्मतः पंधरा हजारांच्या आसपास केशपेशी असतात. ध्वनीच्या लहरींनी त्यांची सूक्ष्म टोके हलतात आणि त्या हालचालीचे विजेच्या संदेशात रूपांतर होऊन तो मेंदूकडे जातो. बंदुकीजवळ आवाजाची पातळी १४० डेसिबलच्या वर जाते. एवढ्या दणक्याने ही टोके वाकतात, तुटतात आणि पेशी मरतात. त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशी नव्या तयार होतात, तशा माणसाच्या कानातल्या केशपेशी होत नाहीत. गेलेली पेशी कायमची जाते.

नुकसान सहसा उच्च स्वरांपासून सुरू होते. पाखरांचा किलबिलाट आधी हरवतो. मग ‘स’, ‘श’, ‘फ’ असे वर्ण अस्पष्ट होतात. अशा माणसाला कोणीतरी बोलतेय हे कळते, पण काय बोलतेय ते नीट उमगत नाही. कानात सतत शिट्टी वाजल्यासारखी वाटते. घरचे लोक मात्र समजतात की, याला हवे तेवढेच ऐकू येते. ग्लासगोचे डॉक्टर थॉमस बार यांनी १८८६ मध्येच बॉयलर बनवणाऱ्या कामगारांच्या कानांची पाहणी करून हा धोका दाखवून दिला होता. मॅक्झिम यांची बंदूक त्याच सुमारास जगभर निघाली होती.

या कहाणीत मॅक्झिम यांच्या मुलाचीही भर आहे. वडील युरोपात गेल्यावर हायरम पर्सी मॅक्झिम आईबरोबर अमेरिकेतच वाढला आणि तोही अभियंता झाला. १९०९ मध्ये त्याने बंदुकीचा आवाज कमी करणाऱ्या सायलेन्सरचे पेटंट घेतले. नळीतून सुटणारा वायू एका डब्यात गोल फिरवून त्याचा जोर मोडायचा, ही त्यातली युक्ती. हेच तत्त्व त्याने मोटारीच्या इंजिनासाठीही वापरले. बापाने ज्या आवाजात कान गमावले, तो आवाज दाबण्याचे काम मुलाने केले. बापाला त्याचा उपयोग व्हायला मात्र उशीर झाला होता.

आज बंदुकीशी संबंध नसलेल्यांनाही हा धोका आहे. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास काम केले तर कान हळूहळू बिघडू शकतात. त्यावर आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. कारखान्यातला कामगार, मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर नाचणारा तरुण, कानाजवळ फटाका फुटलेले मूल या सगळ्यांच्या केशपेशी मॅक्झिम यांच्याइतक्याच नाजूक आहेत. फरक एवढाच की, आता कानात घालायचे बोळे काही रुपयांत मिळतात.

शांतीची चिलीम

मॅक्झिम यांना ब्राँकायटिसचा, म्हणजे श्वासनलिका सुजण्याचा त्रास होता. लंडनचे धुके आणि कोळशाचा धूर त्यात भर घालत. खोकल्याची उबळ आली की रात्र रात्र झोप नसे. औषधांचा गुण येईना म्हणून ते युरोपात उपचारांसाठी हिंडले. फ्रान्समधील नीस येथे औषधी वाफ हुंगण्याच्या उपचाराने त्यांना बराच आराम पडला. घरी आल्यावर त्यांच्यातला कारागीर जागा झाला.

नेहमीच्या वाफाऱ्यात बरीचशी वाफ तोंडातच थंड होते, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी काचेची वाकडी नळी बनवून घेतली. तिचे टोक जिभेवरून थेट घशाच्या मागच्या भागापर्यंत जाई. गरम पाण्यात पाइन वृक्षाचा अर्क घालून त्याची वाफ त्यातून ओढायची. खिशात मावणारे मेन्थॉलचे एक छोटे साधनही त्यांनी केले. मोठ्या साधनाला त्यांनी शांतीची चिलीम या अर्थाचे नाव दिले. ही साधने बाजारात आली आणि हजारोंनी खपली.

कल्पना अगदी नवी नव्हती. प्लिमथचे डॉक्टर जॉन मज यांनी १७७८ मध्येच झाकणाच्या धातूच्या पेल्यातून वाफ घेण्याचे साधन वर्णिले होते. आपल्याकडे तर पातेल्यावर चादर घेऊन वाफारा घेणे घरोघरी चालते. तरीही वैज्ञानिक मित्रांनी मॅक्झिम यांची कानउघाडणी केली. एवढ्या मोठ्या अभियंत्याने खोकल्याची औषधे विकावीत, वैदूगिरी करावी, हे त्यांना शोभत नाही; यात त्यांचे नाव धुळीला मिळेल, असे त्यांना सांगण्यात आले. १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात मॅक्झिम यांनी या टीकेची नोंद केली. माणसे मारणारे यंत्र बनवले तेव्हा वाहवा झाली आणि माणसांचा त्रास कमी करणारे साधन बनवले तेव्हा ती बदनामी ठरली, ही विसंगती त्यांनी तिथे उपरोधाने मांडली. बंदुकीबद्दल मात्र त्यांनी त्यात कुठे पश्चात्ताप दाखवला नाही, हेही सांगायला हवे.

टीकाकारांचा एक मुद्दा खरा होता. वाफाऱ्याने ब्राँकायटिस बरा होत नाही. ओलाव्याने घसा शांत होतो, कफ थोडा सैल वाटतो, एवढेच. मेन्थॉल नाकातील थंडी जाणणाऱ्या चेतातंतूंना चेतवतो, त्यामुळे नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्ष मोजले तर हवेचा प्रवाह फारसा वाढलेला नसतो. लहान मुलांना वाफारा देताना गरम पाणी अंगावर सांडून भाजण्याचा धोका मोठा, म्हणून तो टाळलेलाच बरा.

पण औषध पोटात ढकलण्यापेक्षा थेट दुखणाऱ्या जागी पोहोचवायचे, हे मॅक्झिम यांचे सूत्र बरोबर होते. १९५६ मध्ये मोजून मात्रा देणारा इनहेलर आला आणि दम्याचे उपचार पालटले. इनहेलरमधून औषध थोड्याशा मात्रेत थेट श्वासनलिकांत जाते, त्यामुळे शरीरभर होणारे दुष्परिणाम कमी होतात. तरीही पंप लागला म्हणजे दमा शेवटच्या थराला गेला, पंपाची सवय लागते, असे गैरसमज आपल्याकडे घट्ट आहेत. लग्न ठरवताना मुलीचा पंप लपवला जातो. शाळेत मूल तो दप्तरातून बाहेर काढायला लाजते. अॅटॅक आला की मग धावपळ होते, आणि काही वेळा उशीर झालेला असतो.

काय टिकले

मॅक्झिम यांनी आणखीही बरेच केले. १८९४ मध्ये केंट परगण्यात त्यांनी साडेतीन टनांचे वाफेवर चालणारे विमान रुळांवरून क्षणभर उचलून दाखवले. त्यावर त्यांनी स्वतःची प्रचंड रक्कम खर्च केली, पण ते विमान पुढे गेले नाही. गोल फिरणाऱ्या विमानांचा त्यांचा पाळणा मात्र ब्लॅकपूलच्या जत्रेत आजही लोकांना खेळवतो.

बंदूक सर्वांत जास्त टिकली. ब्रिटिश सैन्याने व्हिकर्स मशिनगन १९६८ मध्ये निवृत्त केली. अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंग यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आखलेली एम-टू ही जड मशिनगनही धक्क्याच्याच शक्तीवर चालते आणि ती आजही अनेक सैन्यांत आहे. १९१० सालच्या रशियन बनावटीच्या मॅक्झिम बंदुका युक्रेनमध्ये २०२२ नंतरच्या युद्धात पुन्हा बाहेर निघाल्या. पाणी भरा, पट्टा लावा, घोडा दाबा. शंभर वर्षांनंतरही ती तशीच चालते.

वाफाऱ्याची काचेची नळी आता संग्रहालयात पाहायची वस्तू झाली आहे. तिच्यामागची कल्पना मात्र दम्याच्या प्रत्येक रुग्णाच्या खिशात आहे. तो पंप लोकांसमोर न लाजता काढता यावा, एवढे तरी आपल्या हातात आहे.